कानात बसेल, कानाला सोसेल

जिमला जाणाऱ्यांच्या पिशवीत हल्ली टॉवेल आणि पाण्याची बाटली यांच्याबरोबर आणखी एक वस्तू हमखास असते, ती म्हणजे बिनवायरचे इअरबड. १९७९ मध्ये सोनीचा वॉकमन आला तेव्हा चालता चालता गाणी ऐकणे ही चैन होती. आज दीड हजारातही इअरबडची जोडी मिळते आणि पंचवीस हजारांतही. एवढ्या पसाऱ्यातून निवड करताना बहुतेक जण रंग पाहतात, ‘बेस’ किती दणदणीत आहे ते पाहतात आणि सवलत किती टक्के ते पाहतात. ज्या कानात ती वस्तू बसायची, त्याचा विचार सहसा होत नाही.

पिंपरीतल्या पन्नाशीच्या एका गृहिणीने तो केला, कारण ऐकू न येणे म्हणजे काय, हे ती घरात रोज पाहत होती. तिच्या यजमानांनी भोसरीच्या एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये २८ वर्षे काढली. कानात घालायचे बोळे तिथे मिळत असत, पण ते कुणी घालत नसे. निवृत्तीनंतर त्यांना एक हाक तीनदा मारावी लागे. टीव्ही एवढा मोठा, की शेजारणीला मालिकेची कथा घरबसल्या पाठ. नातवाचे बोबडे बोल मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचत नसत. ते नुसतेच हसून मान डोलावत. श्रवणयंत्र आणले होते, पण ते शिट्टी वाजवते म्हणून कपाटात पडून होते.

हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून डॉक्टरांनी तिला वजने उचलण्याचा व्यायाम सांगितला. जिममध्ये दणदणाटी गाणी लागलेली. सुनेने आपले जुने इअरबड दिले. ते कडक प्लास्टिकचे, रबरी टोपी नसलेले. बाकावर उताणे झोपले की एक तरी घरंगळून खाली पडे. कानात नीट बसत नसल्याने बाहेरचा गोंगाट आत शिरे आणि आपले नाट्यसंगीत ऐकू यावे म्हणून ती आवाज वाढवत जाई. आठवड्याभरात रात्री अंथरुणावर पडल्यावर कानात किणकिण सुरू झाली. दुसरी एखादी असती तर दुर्लक्ष करून मोकळी झाली असती. ही घाबरली.

तिची भीती अनाठायी नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित आहे. ९० डेसिबलला ही मर्यादा ४ तासांवर येते. दर ३ डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मा होतो, असे ते गणित आहे. अंतर्कर्णातल्या केसांसारख्या सूक्ष्म पेशी एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा तयार होत नाहीत. मग तो आवाज प्रेस शॉपचा असो की गाण्याचा.

मुलाने वाढदिवसाला जादा बेसची महागडी जोडी मागवायचे ठरवले होते. तिने त्याला थांबवले आणि दुकानात घेऊन गेली. विक्रेत्याला तिने विचारले, ‘‘कमी आवाजात ऐकू येईल असे कोणते?’’ तो जरा गोंधळला. हा प्रश्न त्याला कुणी विचारत नसावे.

खरे तर उत्तर रबरी टोपीत आहे. बहुतेक जोड्यांबरोबर लहान, मध्यम आणि मोठी अशा तीन मापांच्या टोप्या येतात आणि लोक आधीच लावलेली मध्यम टोपीच वर्षानुवर्षे वापरतात. बायकांचे कान सहसा लहान असतात. शिवाय दोन कान सारखेच असतील असेही नाही. हिच्या उजव्या कानाला लहान टोपी बसली, डाव्याला मध्यम. टोपी घट्ट बसताच बाहेरचा कल्ला अर्ध्यावर आल्यासारखा झाला आणि आवाजाची पट्टी निम्म्याखाली आली. गोंगाट कापणारी इलेक्ट्रॉनिक सोय असेल तर चांगलेच. पण ती पंख्याची, यंत्राची संथ घरघर जितकी अडवते, तितका लोखंडी वजनांचा खणखणाट अडवू शकत नाही. कानामागून आकडा असलेले इअरबड पडत नाहीत खरे, पण चष्म्याची काडी आणि बुगडी यांच्याशी त्यांचे भांडण होते. तिने ते बाजूला ठेवले.

बंद टोपीची एक गैरसोयही असते. ट्रेडमिलवर पावलांचा धप-धप आवाज डोक्यात घुमतो. तिने ते सोसले. पहाटे रस्त्यावर चालायला जाताना मात्र ती कान मोकळेच ठेवते. मागून येणारी रिक्षा ऐकू येणे गाण्यापेक्षा महत्त्वाचे.

घामासाठी खोक्यावर आयपीएक्स-४ किंवा त्यापुढचा आकडा असला की पुरे. तरी ही चाचणी साध्या पाण्याची, आणि घाम खारट. म्हणून व्यायाम झाला की इअरबड कोरड्या फडक्याने पुसूनच डबीत ठेवावेत. डबीला पाण्यापासून तितके संरक्षण असतेच असे नाही. चार्जिंगच्या पिना गंजतात त्या तिथेच. टोप्या काढून साबणाच्या पाण्याने धुवाव्यात आणि जोडी कुणाला उसनी देऊ नये, सुनेलासुद्धा.

टोप्यांचा हा हिशेब करताना तिला कपाटातले श्रवणयंत्र आठवले. त्यालाही तशीच टोपी होती आणि तिचे माप कधी कुणी तपासले नव्हते. ती यजमानांना श्रवणतज्ज्ञांकडे घेऊन गेली. टोपी सैल होती, आवाज बाहेर निसटून पुन्हा यंत्रात शिरत होता, म्हणून शिट्टी. माप बदलले, शिट्टी थांबली. आता टीव्ही बराच हळू असतो. नातू मात्र आजोबांशी अजून ओरडूनच बोलतो. त्याला तीच सवय लागली आहे आणि आजोबा दर वेळी कानावर हात ठेवतात.