हेळव्याची वही

कोल्हापूर

चि. बाळास,

तुझ्या शेजारीणबाईंना गावच्या चर्चमध्ये खापरपणजीचं नाव सापडलं, हे वाचून हेवा वाटला बघ. तिकडं इंग्लंडात १५३८ मध्ये आठव्या हेन्रीच्या कारभाऱ्यानं, टॉमस क्रॉमवेलनं, हुकूम काढला आणि बाप्तिस्मा, लग्न, दफन सगळं चर्चच्या वहीत चढू लागलं. आपल्याकडं असं काय आहे, म्हणून विचारतोस. लेका, आपल्याकडं वहीच दारात येते.

हेळवी तुला आठवायचा नाही. सुगी संपली की तो बैलावर बसून यायचा. कानडीत हेळव म्हणजे पांगळा. त्यांचा मूळपुरुष पायानं अधू, म्हणून बैल, अशी गोष्ट सांगतात. सोप्यात घोंगडं टाकलं की सुरू: कूळ, देवक, मूळ गाव, तिथनं कोण कधी उठलं, कुठं जाऊन राहिलं, कुणाला किती पोरं. चर्चची वही वेस ओलांडत नाही, ही माणसामागं गावोगाव फिरते. दत्तक कोण, हेही तो सगळ्या भावकीसमोर मोठ्यानं वाचायचा. तेवढ्यापुरते तुझे पणजोबा उठून गोठ्यात जायचे. जाताना त्याला सूपभर जोंधळा. एका साली कालवडही दिलेली.

सरकारी कागदांची तऱ्हा वेगळी. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतन मोडून तलाठी नेमले. त्याआधीची गावची दप्तरं मोडीत. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधात मोडी वाचणाऱ्यांना भाव आलाय. तोवर त्यांना कुत्रं विचारत नव्हतं.

गेल्या पौषात मी माहेरी होते, तेव्हा हेळवी आला. आता मोटारसायकलवरून येतो. म्हटलं, माझं नाव काढा. त्यानं पानं उलटली. तुझ्या आजोबांना दोन मुलगे, आणि खाली रेघ. आम्ही तिघी बहिणी नाहीच. ज्या आजीनं पाचही पोरं वाढवली, तीही नाही. तो म्हणाला, "लेक दुसऱ्याच्या वहीत असते, अक्का." सासरच्या हेळव्याला विचारलं, तर तिथं 'हे' आहेत, पोरगा आहे. शेजारीणबाईंची खापरपणजी निदान नावानिशी जन्मली.

सुगीनंतर तो परत येईल. तुझ्या लेकीचं नाव आणि जन्मगाव लगेच कळव, मी समोर बसून लिहून घेणार आहे. गावाचं नाव मात्र तिथले लोक म्हणतात तसं मराठीत लिही. तुमच्याकडं लिहितात एक आणि म्हणतात भलतंच. त्या लेस्टरपायी मी पोस्टात हसं करून घेतलंय.

तुझी,
आत्या