नामनिर्देशन आणि मृत्युपत्र

तीर्थरूप काकांच्या सेवेशी साष्टांग नमस्कार, वि. वि.

सहकारी गृहनिर्माण संस्थेकडे दिलेले नामनिर्देशन, म्हणजे सभासदाच्या पश्चात संस्थेने पुढचा व्यवहार कोणाशी करावा याची लेखी नोंद, घराची मालकी कोणालाही देत नाही. त्यामुळे डोंबिवलीच्या सदनिकेला थोरल्या चिरंजिवांचे नाव नॉमिनी म्हणून लागले, तेव्हा मृत्युपत्राचे कारण उरले नाही, ही काकांची समजूत कायद्याला धरून नाही. ती एकट्या काकांची आहे असेही नव्हे. संस्थांच्या कमिट्याच ती पसरवीत असतात, कारण शेअर सर्टिफिकेटवर नॉमिनीचे नाव चढले की त्यांच्या दप्तरापुरता प्रश्न मिटतो. सर्वोच्च न्यायालयाने 1984 साली सरबती देवी खटल्यात विम्याच्या नॉमिनीला केवळ रक्कम स्वीकारणारा ठरवले आणि डिसेंबर 2023 मध्ये शक्ती येझदानी खटल्यात कंपनीच्या शेअर्सनाही तेच तत्त्व लावले. घरांपुरते पाहायचे तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 मध्ये 2019 साली घातलेल्या कलम 154ब-13 नुसार नॉमिनी हा तात्पुरता सभासद असतो, आणि वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ज्यांचा हक्क ठरतो त्यांना सभासद करून घेईपर्यंतच त्याची जागा टिकते.

मृत्युपत्र नसल्यास हिंदू वारसा अधिनियम, 1956 लागू होतो. त्यातील पहिल्या वर्गाच्या वारसांत पत्नी, मुलगे आणि मुली यांच्याबरोबर मृताची आईही समान वाट्याने येते. वडील मात्र त्या वर्गात नाहीत. काकांच्या आई, म्हणजे आजी, हयात असल्यामुळे काकू, दोन मुलगे, कन्या आणि आजी असे पाच वाटेकरी होतात आणि थोरल्याच्या पदरी, नॉमिनी असूनही, एकपंचमांशच पडतो. पुढे आजींनीही मृत्युपत्र केले नाही, तर त्यांचा वाटा त्यांच्या सर्व मुलामुलींकडे जातो, म्हणजे काकांच्या घरात त्यांच्याच भावंडांचा हक्क शिरतो. त्या भावंडांत हे पत्र धाडणाऱ्याचे वडीलही आहेत, तेव्हा येथे दिलेला सल्ला निदान घरच्या फायद्याचा नाही. सदनिका काकूंच्या जोडनावावर असल्यास हे सारे काकांच्या हिश्श्यापुरतेच खरे असेल, आणि मृत्युपत्रानेही त्यांना तेवढाच हिस्सा देता येईल.

मृत्युपत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. साध्या कागदावर स्वहस्ते लिहिलेला मजकूर चालतो. भारतीय वारसा अधिनियम, 1925 च्या कलम 63 चा खरा कटाक्ष आहे तो साक्षांकनावर, म्हणजे मृत्युपत्र करणाऱ्याची सही पाहिल्याची ग्वाही देत साक्षीदारांनी केलेल्या सह्यांवर. किमान दोन साक्षीदार लागतात. त्या प्रत्येकाने काकांना सही करताना पाहिलेले असावे किंवा सही आपलीच असल्याचे काकांच्या तोंडून ऐकलेले असावे, आणि प्रत्येकाने आपली सही काकांच्या देखत करावी. दोघे एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत असे मात्र नाही. टाइप केलेला कागद शेजारच्या बिऱ्हाडी पाठवून परस्पर सही आणवणे, हा घरोघरी चालणारा प्रकार नेमका येथे नडतो, कारण उद्या वाद झाल्यास निदान एका हयात साक्षीदाराला न्यायालयात उभे राहून सही कशी झाली ते सांगावे लागते. त्यासाठी साक्षीदार वयाने लहान, पण सज्ञान असावेत, आणि ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्यांच्यापैकी कोणी नसावा. वय झालेल्या माणसाने त्याच दिवशीचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे, कारण मन शाबूत नव्हते हा अशा दाव्यांतील ठरलेला आक्षेप आहे.

काकूंना सदनिकेत तहहयात राहण्याचा हक्क आणि त्यांच्या पश्चात मालकी मुलांना, ही रचना दिसायला सोयीची असली तरी धोक्याची आहे. पत्नीचा पोटगीचा हक्क मुळातलाच असतो, आणि त्या हक्कापोटी दिलेली मिळकत, लेखात मर्यादा घातली असली तरी, तिच्या पूर्ण मालकीची होते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1977 च्या तुलसम्मा निकालात म्हटले आहे. सदनिका थेट काकूंच्या नावे करून पुढचा निर्णय त्यांच्यावर सोपवणे हेच अधिक सरळ, आणि खरे तर अधिक शोभणारे. काकूंच्या माहेरी, गोव्यात, पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नियमाने, लग्नापूर्वी वेगळा करार नसल्यास, पत्नी संसाराच्या मिळकतीत निम्म्याची मालकीण असते आणि मुले असलेल्या माणसाला स्वतःच्या हिश्श्यापैकीही निम्माच भाग मनासारखा देता येतो. महाराष्ट्रात स्वकष्टार्जित मिळकतीवर असे बंधन नाही, म्हणून येथे काकूंची सोय काकांनाच लिहून ठेवावी लागेल.

काकांच्या मृत्युपत्राच्या मसुद्यात ‘राहते घर’ एवढाच उल्लेख आहे. त्याऐवजी सदनिका क्रमांक, संस्थेचे नाव व नोंदणी क्रमांक, शेअर सर्टिफिकेटचा क्रमांक आणि खरेदी कराराचा दस्त क्रमांक घालावा, आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द केल्याचे वाक्य असावे, आणि नामनिर्देशनही काकूंच्या नावे बदलून घ्यावे, म्हणजे कमिटीकडचा कागद आणि मृत्युपत्र यांत तफावत राहणार नाही. आजींस साष्टांग नमस्कार.

कळावे, लोभ असावा ही विनंती.