एवढीशी चोच

पक्ष्यांना हात नसतात. आपण जे काम बोटांनी, चिमट्याने किंवा अडकित्त्याने करतो, ते सारे त्यांना एका चोचीने करावे लागते. म्हणून नवा पक्षी दिसला की मी आधी त्याची चोच पाहतो. तो काय खात असेल, याचा अंदाज तिच्यावरून येतो.

तुम्हीही पाहा. चिमणीची चोच आखूड आणि जाड. दाणे फोडायला सोयीची. शिंजीराची चोच बारीक व वाकडी. ती फुलात खोल जाते आणि आतला गोड रस त्याला मिळतो. पोपटाची चोच म्हणजे तर अडकित्ताच! कच्चा पेरूही तिच्यापुढे टिकत नाही. शिवाय फांदीवर चढताना पोपट तिचा तिसऱ्या पायासारखा उपयोग करतो.

पण चोचीचे खरे मोल मला कळले, ते एका दूरच्या बेटाची हकिकत वाचून. प्रशांत महासागरात इक्वेडोर देशाची गॅलापागोस बेटे आहेत. त्यांतल्या डॅफ्ने मेजर या छोट्या बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट या शास्त्रज्ञ पती-पत्नीने १९७३ पासून अनेक वर्षे फिंच पक्ष्यांचा अभ्यास केला. फिंच साधारण चिमणीएवढा असतो. ते एकेक पक्षी पकडत, त्याच्या पायात कडी घालत, चोच मोजत आणि त्याला सोडून देत.

१९७७ साली तेथे पाऊस जवळजवळ पडलाच नाही. मऊ, बारीक बिया संपल्या. उरली ती सराट्याच्या जातीची टणक, काटेरी फळे. सराटा पायात रुतला की काय होते, ते तुम्हांला ठाऊक असेलच! जाड चोचीच्या फिंचांना ती फळे फोडता आली. बाकीचे उपाशी राहिले. शंभरातले सुमारे ८५ पक्षी त्या दुष्काळात नाहीसे झाले. जे वाचले, त्यांच्या चोचीची सरासरी जाडी पूर्वीपेक्षा सुमारे अर्धा मिलिमीटर जास्त भरली. तुमच्या पट्टीवरच्या दोन बारीक रेघांमधले निम्मे अंतर! एवढ्यावर जगणे-मरणे ठरले. त्यांच्या पिलांच्या चोचीही जाड निघाल्या.

मग जाड चोचच चांगली, असे तुम्ही म्हणाल. तसेही नाही. १९८३ साली त्याच बेटावर अतोनात पाऊस झाला. वेली आणि गवत माजले, बारीक बियांचा सडा पडला. पुढच्या कोरड्या दिवसांत लहान चोचीचे फिंचच जास्त टिकले.