भोळा गारिंचा आणि त्याच्या आठवणीतून गळलेली बाई

20 जानेवारी आली की मोबाईलवर एक जुनी काळी-पांढरी चित्रफीत फिरू लागते. वाकड्या पायांचा माणूस चेंडूसमोर थांबलेला असतो. समोरचा बचावपटू खिळून उभा. मग एक झटका, आणि बचावपटू जमिनीवर. हा ब्राझीलचा गारिंचा. 1983 साली याच तारखेला तो गेला, वयाच्या 49 व्या वर्षी. त्याच्या चाहत्यांत मीही आहे. पेलेच्या आधी मी त्याचं नाव घेतो.

गेल्या वर्षी वस्तीतल्या अभ्यासिकेत पोरांना त्याची गोष्ट सांगितली. पाऊ ग्रांदे हे रिओजवळचं गिरणीगाव. पोरवयातच कापड गिरणीत काम. उजवा पाय आत वळलेला, डावा बाहेर. 'गारिंचा' हे एका लहानशा पाखराचं नाव. 1958 च्या विश्वचषकाआधी संघाच्या मानसशास्त्रज्ञाने बुद्धीची चाचणी घेऊन त्याला नापास केलं. पण सोव्हिएत संघाविरुद्ध मैदानात उतरल्यावर पहिल्याच मिनिटाला त्याचा फटका खांबावर आदळला. 1962 ला पेले दुसऱ्याच सामन्यात जखमी झाला, तेव्हा यानेच इंग्लंडविरुद्ध दोन आणि चिलीविरुद्ध दोन गोल मारले. ब्राझीलने कप जिंकला. हे दोघे सोबत खेळले त्यातला एकही सामना ब्राझील हरला नाही. पोरं खूश, मीही खूश.

तेवढ्यात दहावीतल्या एका मुलीने विचारलं, "दादा, एवढा मोठा खेळाडू दारूने का मेला?"

मी पटकन बोलून गेलो, "भोळा होता गं."

रात्री तो शब्द डोक्यातून जाईना. समाजशास्त्रात एम.ए. केलेला मी, आणि हा शब्द माझ्या तोंडी आला कुठून? चाहत्यांकडूनच आला. गारिंचाच्या आठवणी वाचा: निरागस, पाखरासारखा, लेकरासारखा, निसर्गाची देणगी. प्रेमानेच म्हणतात, पण गिरणीकामगाराच्या पोराचं कौतुक करताना त्याची बुद्धी तेवढी वजा करतात. तो बहुतेक वेळा उजवीकडूनच निघणार हे मैदानातल्या प्रत्येकाला ठाऊक असायचं. बचावपटूलाही ठाऊक. तरी तो फसायचा, कारण समोरच्याचा तोल नेमका कोणत्या क्षणी कोणत्या पायावर गेलाय हे गारिंचाला वाचता यायचं. याला विचार म्हणायचं नाही तर काय? मानसशास्त्रज्ञाच्या कागदावर त्यासाठी रकाना नव्हता, एवढंच.

आणि भोळेपणा सोयीचा असतो. रक्कम न लिहिलेल्या कोऱ्या करारावर तो सही करायचा, असं त्याच्याबद्दल हसत हसत सांगतात. रक्कम कुणी भरली, किती भरली, हे विचारताना कुणी दिसत नाही. 'जनतेचा आनंद' ही पदवी त्याला लोकांनी दिली. आनंदाची मजुरी मात्र ठरवली क्लबने.

पुढच्या आठवड्यात तीच मुलगी परत आली. मोबाईलवर शोधून आली होती. "दादा, एल्झा सोआरेस कोण? तुम्ही सांगितलीच नाही."

खरंच नव्हती सांगितली. चारही गोल सांगितले, एल्झा नाही.

एल्झा कृष्णवर्णीय, रिओच्या झोपडपट्टीतली, लहान वयात लग्न लावून दिलेली. 1950 च्या दशकात रेडिओवरच्या गाण्याच्या स्पर्धेत ती आईचा ढगळ झगा पिना लावून घालून गेली. लोक हसले. कोणत्या ग्रहावरून आलीस, असं सूत्रसंचालकाने विचारलं. तिने सांगितलं, तुमच्याच, भुकेच्या ग्रहावरून. पुढे ती ब्राझीलची मोठी गायिका झाली. गारिंचा बायको-मुलींना सोडून तिच्याकडे आला. निर्णय त्याचा होता, शिव्या मात्र तिला पडल्या: हिने संसार मोडला, हिने आमचा खेळाडू नासवला. खरं तर दारू त्याला आधीपासूनच होती. 1969 ला तो गाडी चालवत असताना अपघात झाला आणि त्यात एल्झाची आई गेली. तो तिला मारायचाही. शेवटी ती निघून गेली.

विभूतीपूजेविरुद्ध आपण भाषणं देतो, पण आपला माणूस वाटला की आपणही त्याच्या घरातल्या बाईकडे बघत नाही. व्यवस्थेने त्याला पिळलं हे खरं, आणि त्याने तिला मारलं हेही खरं. एका वाक्याने दुसरं झाकायचं नसतं. मी झाकलं होतं.

ज्यांनी त्याला डोक्यावर घेतलं त्यांनी तरी काय जपलं? ब्रासीलियाच्या स्टेडियमला त्याचं नाव आहे. पण 2017 साली बातमी आली की त्याचे अवशेष नेमके कुठे आहेत हे दफनभूमीच्या प्रशासनालाच सांगता येत नाही.

एल्झा 2022 ला गेली, तीही 20 जानेवारीलाच. शेवटपर्यंत गात होती.

यंदा त्या दिवशी अभ्यासिकेत गोष्ट ती मुलगीच सांगणार आहे. काल विचारत होती, "दादा, सुरुवात गिरणीपासून करू की रेडिओपासून?"