चौथ्या आसनाचा हिशेब

२०२५ सालचा दसरा आला आणि आमच्या मोटारीला वीस वर्षे पूर्ण झाली. माणसाच्या आयुष्यात विसावे वर्ष म्हणजे उमेदीचा आरंभ. मोटारीच्या आयुष्यात तो निरोपाचा काळ. पंधरा वर्षांनंतर खाजगी मोटारीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. २०२० साली ते काम मी ६०० रुपयांत उरकले होते. २०२२ च्या एप्रिलपासून हे शुल्क ५ हजार झाले, आणि २०२५ च्या ऑगस्टमधील अधिसूचनेने वीस वर्षांवरील मोटारीसाठी ते १० हजारांवर गेले. रात्री जेवताना मी हा आकडा सांगितला. माहेरी आलेली आमची कन्या म्हणाली, "बाबा, आणखी पाच वर्षे हिच्यावर खर्च करणार, की आता निरोप देणार?" सौ. काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी माझ्या पानात आमटी वाढली. गंभीर विषयावर त्या मौन धरतात. ते मौन संमतीचे की निषेधाचे, हे एवढ्या वर्षांच्या संसारात मला ओळखता आलेले नाही.

जेवणानंतर मी कपाटातून लाल कापडी बांधणीची वही काढली. मोटार घेतल्या दिवसापासूनचा पेट्रोलचा प्रत्येक थेंब तिच्यात नोंदलेला आहे. रात्री बारापर्यंत बेरजा करीत बसलो. एकूण चाल १ लाख ३९ हजार २०० किलोमीटर; पेट्रोल ८ हजार लिटर; सरासरी लिटरमागे १७.४. वही मिटणार, तोच मागच्या पानांवरची एक लाल रेघ दिसली आणि हात थांबला. त्या रेघेची हकीकत सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

आमची मोटार म्हणजे मारुती ८००. आज या नावाचे कौतुक नव्या पिढीला वाटणार नाही. परंतु ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना सांगावे लागू नये. तोवर मोटार म्हणजे ॲम्बॅसिडर नाहीतर फियाट, आणि ती असायची डॉक्टरांकडे, वकिलांकडे किंवा शेटजींकडे. १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी पहिल्या मारुतीच्या किल्ल्या एका विमान कंपनीतील नोकरदाराच्या हाती ठेवल्या. शेटजी नव्हे, नोकरदार! मी तेव्हा शाळेत होतो. आमचे नाना इंदूरच्या एका कापड गिरणीत कारकून होते. रामबागेतून गिरणीपर्यंत आयुष्यभर सायकलने गेले. वर्तमानपत्रातील ते छायाचित्र चष्मा वर करून त्यांनी पुष्कळ वेळ पाहिले आणि म्हणाले, "ही गाडी कारकुनासाठी नाही. पण कारकुनाच्या मुलासाठी असू शकेल."

नानांचे बोल खरे व्हायला बावीस वर्षे लागली. २००५ साली धार रस्त्यावर, बेटम्याच्या अलीकडील एका खेड्यातल्या शाळेत माझी बदली झाली. घरापासून शाळा २२ किलोमीटर. गंगवाल स्थानकावरून बस मिळे, पण ती फाट्यावर सोडी; तेथून आत दोन किलोमीटर पायपीट. पावसाळ्यात माळव्याची काळी माती वहाणेला अशी धरते, की माणूस पुढे जातो आणि वहाण मागे राहते. दोन पावसाळे स्कूटरवर काढण्याची छाती मला झाली नाही. भविष्य निर्वाह निधीतून रक्कम उचलली, उरलेल्याचे कर्ज काढले आणि दसऱ्याच्या दिवशी पांढरी मारुती दारात उभी केली. नानांनी तिला हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला आणि ही लाल वही माझ्या हाती दिली. म्हणाले, "हत्ती घेणे सोपे असते. त्याचा चारा लिहून ठेव."

आमचा हा हत्ती फारच मिताहारी निघाला. तीन सिलिंडरांचे ७९६ घन सेंटिमीटरचे इंजिन, साडेसहाशे किलोंच्या आसपासचे वजन, बारा इंची चाके. ओढायचेच थोडे, म्हणून खायचेही थोडे. तिच्या काटकसरीचे मर्म एवढेच. बाकीची काटकसर चालवणाऱ्याच्या पायात असते, हे मी वहीवरून शिकलो. टाकी काठोकाठ भरावी आणि किलोमीटरचा आकडा लिहावा. पुढच्या खेपेस पुन्हा काठोकाठ भरावी. मधल्या किलोमीटरांना या खेपेस मावलेल्या लिटरांनी भागावे. सरासरी काढण्याची खरी रीत हीच. काट्याकडे पाहून केलेले अंदाज म्हणजे स्वतःची समजूत. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो; ताशी ५० वरून ७० वर गेलो, की तो जवळजवळ दुप्पट होतो. म्हणून मी वरच्या गिअरमध्ये ५०-५५ च्या पुढे जात नसे. टायरमधली हवा दर पंधरवड्याला तपासावी, हवेची गाळणी स्वच्छ ठेवावी, रेल्वेच्या फाटकावर इंजिन बंद करावे आणि पुढची गर्दी दिसताच पाय आधीच उचलावा. एवढे पथ्य पाळले तर धार रस्त्यावर लिटरमागे १९ मिळत. शहरातल्या फेऱ्यांत तीच १४-१५ वर येई.

परंतु हिशेबाला एक चटक असते. काटकसर गुण आहे हे खरे. मात्र तिची हद्द कोठे संपते आणि कृपणतेची कोठे सुरू होते, तेथे पाटी लावलेली नसते.

शाळेतील दोन सहकारी माझ्याबरोबर येऊ लागले. २०११ मध्ये चौथा सोबती मिळाला. तो अतिथी शिक्षक होता, वय पंचविशीच्या आत; गणित फार सुरेख शिकवी. खर्चाची वाटणी मी चोख ठेवली होती. जाऊन-येऊन ४४ किलोमीटर, म्हणजे २.३ लिटर, पेट्रोल तेव्हा सत्तरच्या आसपास, म्हणजे दिवसाला १६० रुपयांच्या वर. चौघांत दरडोई ४०. वहीच्या मागच्या पानांवर चार रकाने आखले होते आणि महिनाअखेर प्रत्येकाकडून रक्कम घेऊन नावापुढे खूण करीत असे. यात मला काही गैर वाटत नव्हते. उलट आपण नफा घेत नाही, याचा थोडा अभिमानच होता.

जुलै संपता संपता त्या तरुणाच्या नावापुढे १६ दिवसांची बाकी दिसू लागली: ६४० रुपये. एके दिवशी शिक्षककक्षात, चहाच्या वेळी, सर्वांच्या देखत मी सहज म्हणालो, "तुमचे तेवढे राहिले आहेत बरे का." 'सहज' हा शब्द मी तेव्हा स्वतःची समजूत घालण्यासाठी वापरला, आज वापरणार नाही. तो हसला आणि "जी सर" म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून तो गाडीत आला नाही. बस सोयीची पडते, असा निरोप त्याने पाठवला.

तीन आठवडे गेले. ऑगस्टमध्ये एका सकाळी झड लागली होती. फाट्यावरून आत वळलो, तो पुढे एक आकृती चालताना दिसली. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, एका हातात बूट, दुसऱ्या हातात छातीशी धरलेली पिशवी. तीत मुलांच्या तपासलेल्या वह्या होत्या. मी गाडी थांबवली, दार उघडले. तो खिडकीशी वाकून म्हणाला, "सर, पाँव में कीचड़ है। गाड़ी ख़राब हो जाएगी।" कितीही आग्रह केला तरी तो बसला नाही. आम्ही तिघे कोरडे शाळेत पोहोचलो. हजेरीच्या वेळी शिपायाकडून कळले, की अतिथी शिक्षकांचे मानधन चार महिने आलेलेच नव्हते.

नानांची एक जुनी सवय होती. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ते माझी वही मागून घेत आणि लाल पेन्सिलीने बेरजा तपासत. गिरणीतली नोकरी गेली तरी ती पेन्सिल त्यांच्या खिशातून गेली नव्हती. त्या महिन्यात वही पाहून त्यांनी विचारले, "हा चौथा रकाना रिकामा का?" मी सारे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बेरीज बरोबर आहे. वाटणी चुकली."

"चौघांत चार सारखे भाग आहेत, नाना. चुकले कोठे?"

"तो आला नाही, तर तुझी गाडी जायची राहते?"

"नाही."

"तो बसला म्हणून पेट्रोल किती जास्त जळते? तुझ्याच वहीत पाहून सांग."

मी पाहिले. चौघे असताना सरासरी १८.९ होती, तिघे असताना १९.१ झाली होती. भागाकार केला. त्या तरुणाच्या वजनापोटी दिवसाला पावणेदोन रुपयांचे पेट्रोल जळत होते आणि मी घेत होतो चाळीस!

नाना म्हणाले, "ज्याचा पगार पहिल्या तारखेला होतो, त्याच्याकडून बरोबरीचा वाटा घ्यावा, तो व्यवहार. ज्याचा पगार अडला आहे, त्याच्याकडून वरचे अडतीस रुपये घेतलेस, ते पेट्रोलचे नव्हेत. ते त्याच्या गरजेचे भाडे झाले." मग बऱ्याच वेळाने, खिडकीबाहेर पाहत ते पुढे म्हणाले, "गिरणी बंद झाली, तेव्हा आमचे पैसे अडकले. सात महिने वाणी वहीत लिहीत होता. पण चारचौघांत त्याने कधी माझे नाव घेतले नाही. म्हणून मी त्याच्या दुकानासमोरून मान वर करून जाऊ शकलो. तुमच्या पोटात अन्न गेले, ते त्याच्या उधारीमुळे. माझी मान ताठ राहिली, ती त्याच्या गप्प बसण्यामुळे."

एवढे बोलून त्यांनी ६४० च्या आकड्यावर लाल रेघ मारली आणि वही माझ्यासमोर सरकवली. मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होतो. आपण उत्तीर्ण आहोत असे समजून बसलेल्या विद्यार्थ्याला निकाल ऐकून जसे वाटावे, तसे मला वाटले.

रेघ मारणे सोपे होते. त्या तरुणाला पुन्हा गाडीत बसवणे अवघड. दया दाखवली असती, तर तो आलाच नसता. मी दुसऱ्या दिवशी वहीच त्याच्या हाती दिली. म्हणालो, "तुम्ही गणिताचे आहात. माझ्या वाटणीत चूक निघाली आहे. यापुढे हिशेब तुम्ही लिहा. गाडीला हिशेबनीस हवा. हिशेबनिसाकडून भाडे घेण्याची रीत नाही." त्याने पाने चाळली, क्षणभर एका पानावर थांबला आणि वही पिशवीत ठेवली. सोमवारी तो नेहमीच्या जागी उभा होता. आमच्या दोघा सहकाऱ्यांच्या वाट्याला आता ४० ऐवजी ५४ रुपये आले. त्यातले एक जण एवढेच म्हणाले, "हे आम्हांला आधीच का नाही सुचले?"

पुढे २०१४ मध्ये माझी बदली होईपर्यंत वही त्याच्याकडेच होती. त्याचे अक्षर मोत्यासारखे. त्याने आठवडावार सरासरी काढण्याची पद्धत घातली आणि माझ्या ध्यानात न आलेली एक गोष्ट दाखवून दिली: शनिवारी घरी परतताना मी वेगाने गाडी हाकतो, म्हणून शनिवारची सरासरी नेहमी खाली येते. हिशेब खरा असला, की तो मालकालाही सोडीत नाही.

२०१६ मध्ये नाना गेले. लाल खुणा तेथे थांबल्या. त्याआधी, २०१४ च्या जानेवारीत, मारुती ८०० चे उत्पादनही थांबले होते. तोवर ती पंचवीस लाखांहून अधिक भारतीय घरांत पोहोचली होती. २०२१ मध्ये आमच्या भागात पेट्रोलने शंभरी ओलांडली. अलीकडे सरासरी थोडी उतरली, त्याचे कारणही समजण्याजोगे आहे. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी. पेट्रोलमध्ये ते २० टक्के मिसळले, की जुन्या चारचाकीत सहा-सात टक्के घट येणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही हाच अंदाज होता.

हे सारे मांडून मी निर्णय केला. मोटार मोडीत काढण्याच्या मान्यताप्राप्त केंद्राकडे द्यायची. त्या काळच्या लहान मोटारींप्रमाणे हिच्यातही अपघाताच्या वेळी फुगणाऱ्या हवेच्या पिशव्या नाहीत. २०२२ पासून नव्या मोटारींत पुढच्या दोन्ही आसनांसाठी त्या सक्तीच्या आहेत. आज रस्ते रुंद झाले, वेग वाढले. माझ्या मायेपोटी नातीला या गाडीत बसवणे योग्य नव्हे. जिने जन्मभर वायफळ खर्च टाळायला शिकवले, तिला केवळ हौसेखातर ठेवणे तिलाही रुचले नसते. कन्या "बरे झाले" म्हणाली. सौ. आत जाऊन हळदकुंकवाचे तबक घेऊन आल्या, तेव्हा त्यांचे मौन या खेपेस कोणते होते ते मला कळले.

आता मी एका शाळेचा मुख्याध्यापक आहे. अतिथी शिक्षकांच्या हजेरीचे पत्रक माझ्या सहीने वर जाते. महिन्याच्या शेवटच्या दिवशी त्यावर सही केल्याशिवाय मी खुर्चीवरून उठत नाही. पुढे ते कोठे किती दिवस पडून राहील, हे माझ्या हाती नाही. माझ्या टेबलावर मात्र ते एक रात्रही राहत नाही.

गाडी न्यायची होती, त्याच्या आदल्या संध्याकाळी मी त्या तरुणाला दूरध्वनी केला. आता त्याला तरुण म्हणणे बरोबर नाही. दूरच्या एका जिल्ह्यात तो नियमित शिक्षक आहे, दोन मुलांचा बाप आहे. गाडी जाते आहे म्हणताच त्याने पहिला प्रश्न केला, "सर, टोटल एवरेज कितना बैठा?" मी १७.४ सांगितले. "शनिवार की वजह से," तो म्हणाला, आणि आम्ही दोघेही हसलो. मग थोडा थांबून म्हणाला, "वो छह सौ चालीस वाली लाल लकीर अभी भी है?"

मी चपापलो. त्याने ती पाहिली असेल, असे इतक्या वर्षांत माझ्या मनातही आले नव्हते.

"आपने कॉपी हाथ में दी थी, उसी दिन देख ली थी, सर," तो म्हणाला. "इसीलिए तो सोमवार को आया था."