हातांना ठाऊक असलेले घर

परभणीहून दक्षिणेकडे जाणारा रस्ता गोदाकाठच्या गंगाखेडला पोचतो. हे संत जनाबाईंचे जन्मगाव. जनाबाईंच्या नावाशी दळण-कांडण आणि जाते कायमचे जोडले गेले आहे. जात्याविषयी एक गोष्ट मात्र सहसा लक्षात घेतली जात नाही. दळण चाले ते पहाटे, उजाडण्यापूर्वी. अंधारात खुंटा हाताला सापडे, मुठीने वैरण घातली जाई, पीठ बारीक पडते की जाडे हे दोन बोटांत चोळून कळे आणि जाते रिकामे फिरू लागले की आवाजच ते सांगे. या कामात डोळ्यांचा वाटा फारच थोडा होता.

आणि तरीही, त्याच घरात दृष्टिहीन मुलगी जन्माला आली की तिला पहिले वाक्य ऐकू येई ते, ‘चुलीजवळ जाऊ नकोस.’ या वाक्यामागे माया आहे, यात शंका नाही. मात्र या मायेचा हिशेब आई-वडिलांच्या पश्चात मांडावा लागतो. चाळिशीतील स्त्रीला भावजयीने ताट वाढेपर्यंत वाट पाहावी लागते, तेव्हा ती दृष्टीमुळे परावलंबी झालेली नसते. तिला कोणी काही शिकवलेलेच नसते.

परभणीत गृहशास्त्राला शास्त्राचा मान पूर्वीच मिळाला आहे. कृषी विद्यापीठाच्या आवारात १९७६ पासून गृहविज्ञानाचे महाविद्यालय आहे. आता त्याला सामुदायिक विज्ञान महाविद्यालय म्हणतात. घर चालवणे ही शिकण्याची व शिकवण्याची विद्या आहे, हे ज्या गावाने मानले, तेथे दृष्टिहीन मुलींसाठी याच विद्येचा विचार परका वाटू नये.

महाराष्ट्रात त्याची परंपरा जुनी आहे. छप्पनच्या दुष्काळाच्या झळा अजून ताज्या होत्या, तेव्हा १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी मुंबईत अंध मुलांसाठी शाळा काढली. तीच आजची श्रीमती कमला मेहता दादर अंध शाळा, मुलींची निवासी शाळा. पुण्याच्या अंधशाळेचा मुलींचा विभाग कोथरूडला आहे आणि आळंदीला मुलींची ‘जागृती’ शाळा आहे. परभणी जंक्शनवर रात्री देवगिरी एक्सप्रेसमध्ये बसले की सकाळी दादर येते. अंतर एका रात्रीचे आहे, परंतु मुलीला निवासी शाळेत ठेवण्याचा निर्णय घेण्यात कित्येक घरांची वर्षे जातात.

ब्रेल आणि पांढरी काठी यांचे नाव सर्वांना ठाऊक असते. दैनंदिन व्यवहाराचे शिक्षण मात्र फारसे कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही, कारण ते अगदी बारीकसारीक गोष्टींचे असते. पातेले आधी शेगडीवर नीट मध्यभागी ठेवायचे, मग गॅस पेटवायचा. उलट क्रम कधीही नाही. गार पाणी ओतताना पेल्याच्या काठावर बोट ठेवायचे. गरम चहासाठी काठाला अडकवण्याचे छोटे उपकरण मिळते. कप भरत आला की ते वाजते. केर काढायचा तो खोलीचे पट्टे पाडून आणि अनवाणी, म्हणजे राहिलेला कचरा तळपायालाच कळतो. हळद व हिंग वासाने ओळखायची (तिखटाचा डबा मात्र हुंगायचा नाही, त्याला रबर बांधून ठेवायचे). तूरडाळ आणि हरभराडाळ बोटांना सहज वेगळ्या लागतात. जुळणाऱ्या कपड्यांना आतून सारख्या गाठी घालायच्या. मासिक पाळीतील स्वच्छता हाही याच शिक्षणाचा भाग आहे. घरातील स्त्रियांनी संकोचाने तो टाळला तर मुलीची शाळा सुटते.

परभणी हा ज्वारीचा मुलूख. विद्यापीठाच्या एका प्रसिद्ध वाणाचे नावच ‘परभणी मोती’. येथील खरी परीक्षा भाकरीची. पीठ मळणे व थापणे हे हातांचेच काम असल्याने ते लवकर जमते. कठीण काय, तर थापलेली भाकरी तव्यावर टाकणे आणि वरून फिरवलेले पाणी वाळताच ती उलटणे. म्हणून सराव आधी थंड तव्यावर करवून घ्यावा. एखादा चटका बसेलच. तो कोणत्या सुनेला बसला नाही?

पाश्चात्त्य पद्धतीत ताटाला घड्याळ मानून ‘तीनवर भाजी, सहावर भात’ असे सांगतात. मराठी पानाला त्याची गरज फारशी नाही. वर मध्यभागी मीठ, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी, ही आपली मांडणी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलीच आहे. ती घरात पाळली, तर दृष्टिहीन मुलगी स्वतः जेवेल आणि दुसऱ्यालाही वाढेल. डोळस माणसाने मात्र डबे जागचे हलवू नयेत. काही मर्यादा मान्य करायला हव्यात. पालेभाजीतील बारीक अळी बोटांना कळत नाही. तेथे डोळस सोबत घ्यावी.

घरसंसारात पैसाही येतो, आणि घरचे लोक नेमके तेथेच हात आखडता घेतात. नव्या शंभर, दोनशे व पाचशेच्या नोटांची रुंदी सारखीच, ६६ मिलिमीटर. लांबी अनुक्रमे १४२, १४६ व १५०. चार मिलिमीटरचा हा फरक बोटांनी ओळखणे सोपे नाही. म्हणून प्रत्येक नोटेची घडी वेगळी घालायला शिकवतात. काठावरच्या उठावदार रेघाही मदतीला असतात: शंभरला चार, पाचशेला पाच. रिझर्व्ह बँकेचे १ जानेवारी २०२० पासूनचे ‘मणि’ हे ॲप इंटरनेटशिवाय नोट बोलून ओळखवते. दृष्टिहीन ग्राहकाला चेकबुक, एटीएम, लॉकर या सुविधा भेदभाव न करता द्याव्यात, असे परिपत्रक याच बँकेने ४ जून २००८ रोजी काढले होते. मालमत्ता धारण करण्याचा व आपला आर्थिक व्यवहार आपण पाहण्याचा हक्क २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिला आहे. भाकरी शिकलेल्या मुलीचे खाते भावाच्याच सहीने चालत असेल, तर तिचे शिक्षण अर्धे राहिले.

प्रारंभ नाण्यांपासून करता येईल. २०१९ साली आलेल्या मालिकेत किंमत वाढेल तसा आकार व वजन वाढत जाते, आणि वीस रुपयांचे नाणे तर बाराकोनी आहे. एकदा हाताळले की ते पुन्हा कोणाला विचारावे लागत नाही.