दुसरी पाल घरात येताना



या शनिवारी आमच्या न्यू जर्सीच्या घरात दुसरी पाल येणार आहे. पहिला, मोती, चार वर्षांपासून आहे. क्रेस्टेड गेको म्हणतात त्याला. लेकाच्या मित्राचं कुटुंब दुसऱ्या राज्यात चाललंय, त्यांच्याकडची मादी त्यांना नेता येत नाही. विकत आणायची असती तर मी साफ नाही म्हटलं असतं. पण असलेल्या जिवाला घर हवंय, तेव्हा हो म्हटलं.

लेक लगेच म्हणाला, "बरं झालं, मोतीला सोबत होईल!" हे वाक्य मी सांगलीला सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्या हसत सुटल्या. "अगं, आपल्या ट्यूबलाइटमागच्या दोघी किड्यावरून एकमेकींच्या अंगावर धावून जातात. कसली सोबत?"

त्यांचं खरं आहे. हा प्राणी एकटा राहणारा. एकटेपणा वाटतो तो आपल्याला, काचेबाहेर. दोन नर एकत्र ठेवले तर चावाचावी होते, आणि या जातीची शेपूट एकदा तुटली की परत येत नाही. नर-मादी ठेवले तर अंडी. मादी एका वेळी दोन घालते आणि मोसमात महिना-दीड महिन्याने पुन्हा घालत राहते. नको असलेली अंडी फ्रीजरमध्ये टाका, असा सल्ला इथे अगदी सहज देतात. ते वाचल्यावर माझा निर्णय झाला. मोती वेगळा, ती वेगळी, कायमचं. तिच्यासाठी दीड फूट लांब-रुंद, दोन फूट उंच काचेची पेटी आणली आहे. नवऱ्याने किंमत बघून एक सुस्कारा सोडला, बाकी काही बोलला नाही.

पाठशाळेत अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार घोकले होते: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. तेव्हा वाटायचं, हे बैलगाडीवाल्यांसाठी असावेत. आता मोतीच्या पेटीसमोर उभी राहिले की पहिलाच शब्द टोचतो. बंध. लेक म्हणतो, सोडून दे मग. कुठे सोडू? हा प्राणी न्यू कॅलेडोनिया बेटांचा, ती जात संपली असंच मानत होते, 1994 मध्ये पुन्हा सापडली. मोती पेटीतच जन्मलेला. इथल्या थंडीत एक रात्र काढणार नाही. त्यामुळे बंध आहेच, तो नाकारून उपयोग नाही. तो वाढवायचा नाही एवढं माझ्या हातात आहे.

अन्नाचंही तसंच. लेपर्ड गेको असती तर मी तिच्यासाठी किडे पाळणारं दुसरं घर शोधून दिलं असतं, कारण तिला किडेच लागतात. ते न देणं म्हणजे अन्नपाननिरोध, आणि दिले तर मरणारे तेही जीवच. क्रेस्टेडला फळांची पूड पाण्यात कालवून चालते. मात्र डब्यामागची यादी वाचा, काही पुडींत किडेही दळलेले असतात. आमचं जेवण सूर्यास्ताआधी आटोपतं आणि त्यानंतर मोतीची वाटी भरली जाते. घरात रात्रिभोजन करणारा तो एकटाच होता, आता दोघं होतील!

नव्या पाहुणीला तीन महिने वरच्या खोलीत ठेवणार आहोत. खाली कागद अंथरायचा, म्हणजे विष्ठा दिसते आणि तपासायला नेता येते. आधी मोतीचं करायचं, मग तिचं, आणि दोन्हींनंतर साबणाने हात. पालींच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो, म्हणून त्यांची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये येत नाहीत. ते नियम मोती आल्यापासून आहेत, सोवळ्यासारखे पाळले जातात. पहिले काही दिवस तिला हातात घ्यायचं नाही, हे लेकाला सगळ्यात जड जाणार आहे. पेटी बावीस ते सव्वीस अंशांत राहायला हवी. वरची खोली उन्हाळ्यात तापते, म्हणून पेटी उत्तरेच्या भिंतीला लावली आहे.

ती मादीच आहे ना, ही शंकेची पाल माझ्या मनात चुकचुकत होतीच. डॉक्टरीणबाईंनी शेपटीच्या मुळाशी पाहून खात्री दिली. नर निघाली असती तरी पेटी वेगळीच राहिली असती. फक्त नाव बदलावं लागलं असतं, कारण लेकाने "चंदना" लिहिलेली पट्टी केव्हाच काचेवर चिकटवली आहे.